ऑटिझम आणि पोट: चड्डीत पातळ डाग, खाण्यात पाचच पदार्थ. हे जुलाब की बद्धकोष्ठ?

दहीभात_दादर

नमस्कार. अर्धवट माहितीवर उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळं एकदाच मांडते.

मुलगा ७ वर्षांचा, ऑटिझम, बोलणं दोन-तीन शब्दांपुरतं. वजन २० किलो. खाण्यात पाचच गोष्टी: मऊ दहीभात, पातळ पोळ्या (दिवसाला दोन, तूप न लावता), एका ठरावीक पुड्यातली ग्लुकोज बिस्किटं, बटाट्याचे खारे वेफर्स आणि दूध. दूध दिवसाला ८०० मिली, पाणी जेमतेम ३०० मिली. डाळ, भाजी, फळ शून्य. पांढरं किंवा फिकट नसेल ते ताटाबाहेर.

गेले पाच आठवडे चड्डीत दिवसातून चार-पाच वेळा पातळ डाग. मधेच आठ-दहा दिवसांनी एकदा एवढी जाड शी होते की कमोड तुंबतो. जेवण झालं की सोफ्याच्या हातावर पोट दाबून पालथा पडतो. रात्री दोनच्या सुमाराला उठून रडतो. शाळा सकाळी ८ ते २, तिथे संडासात पाय ठेवत नाही. डागांना जुलाब समजून साबुदाण्याची पेज आणि ओआरएस चालू आहे.

विचारायचं ते असं: हे नक्की जुलाबच ना? पालकांच्या ग्रुपवर सगळे म्हणतात गहू आणि दूध बंद करा, करू का? आणि नवीन पदार्थ द्यायचा तर दहीभातात लपवून चालेल का?

परळ_ओपीडी

दहीभात ताई, वर्णन वाचून तरी हे जुलाब वाटत नाहीत. हे बद्धकोष्ठ आहे आणि तेही साचलेलं.

मलाशयात शी साचून तिचा कडक गोळा झाला की वरून येणारी पातळ शी त्याच्या कडेकडेने पाझरते. तेच डाग. मलाशय ताणलं जाऊन सैल झालेलं असतं, त्यामुळे मुलाला पाझर कळतच नाही. त्यात ऑटिझममध्ये भूक, तहान, शीची कळ असले शरीराच्या आतले इशारे मुळातच अंधूक पोचतात. जुलाबात थोडेथोडे डाग पडत नाहीत, पूर्ण शी होते. आठ-दहा दिवसांनी कमोड तुंबवणारी शी ही तर साचलेल्या बद्धकोष्ठाची जवळजवळ सहीच समजा. पोट दाबून पालथं पडणं आणि रात्रीचं रडणं ही दुखण्याची भाषा आहे. तिला 'ऑटिझममुळे असं करतो' म्हणून सोडून देऊ नये. पीडियाट्रिक्स या नियतकालिकात २०१० साली तज्ज्ञांचं एक एकमत छापून आलं, त्याचा गाभा हाच होता: या मुलांच्या पोटदुखीची तपासणी इतर मुलांइतक्याच काळजीने करा.

साबुदाणा आजच थांबवा. नुसता स्टार्च आहे, फायबर जवळपास नाही. आणि जुलाब थांबवायचं औषध चुकूनही देऊ नका, ते आतडं आणखी मंद करतं.

आता क्रम. इथेच बहुतेक घरं चुकतात, म्हणून जरा सविस्तर. गोळा आत असताना फायबर वाढवलं तर गोळा मोठा होतो, पोट आणखी फुगतं, मूल आणखी रोखून धरतं. म्हणून आधी मोकळं करायचं, मग मऊ ठेवायचं, आणि आहार त्याच्यानंतर. बालरोगतज्ज्ञ पोट चाचपून पाहतील. डाव्या बाजूला खाली गोळा हाताला लागतो बहुधा. नेहमीच्या केसमध्ये एक्स-रे लागत नाही.

औषध म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, बोलताना पीईजी. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या २०१४च्या नियमावलीत मोकळं करण्यासाठी किलोमागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम, ३ ते ६ दिवस, असं आहे. म्हणजे २० किलोला रोज २० ते ३० ग्रॅम. त्यानंतर चालू ठेवायचा डोस किलोमागे ०.२ ते ०.८ ग्रॅम, म्हणजे ४ ते १६ ग्रॅम. आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील, पण हिशेब आपल्याला ठाऊक असलेला बरा. केमिस्टकडे एक घोटाळा नेहमी होतो: कोलोनोस्कोपीआधी दोन लिटर पाण्यात घालायचं क्षारवालं मोठं पाकीट हे वेगळं. खारट लागतं, मूल पहिल्याच घोटाला थुंकतं, आणि मग पीईजीचं नावच घरातून बाद होतं. आपल्याला क्षार नसलेली, बेचव पावडर हवी. १७ ग्रॅमला साधारण १२० ते २४० मिली पाणी. ढवळून पाच मिनिटं ठेवा, पूर्ण विरघळते. दुधातही चालते.

शुक्रवारी संध्याकाळी सुरू करा. पहिले दोन-तीन दिवस डाग कमी व्हायच्याऐवजी वाढतात, भरपूर वाढतात. घाबरून मधेच थांबवलं की गोळा अर्धा सुटून तिथेच बसतो.

आणि मोकळं झालं म्हणजे संपलं असं नाही. ताणलेलं मलाशय पूर्ववत व्हायला महिने लागतात. चालू डोस किमान दोन महिने, आणि लक्षणं जाऊन पूर्ण एक महिना झाल्यावर हळूहळू कमी. 'सवय लागेल' ही भीती या औषधाच्या बाबतीत निराधार आहे. ते आतड्याला डिवचत नाही, फक्त शीत पाणी धरून ठेवतं.

ही लक्षणं दिसली तर वाट न बघता डॉक्टरांकडे: हिरवी उलटी, शीत रक्त, पोट ताठ फुगलेलं, ताप, वजन घटणं, चाल बदलणं. जन्मानंतर पहिली शी ४८ तासांच्या पुढे झाली असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

अप्पा_गिरगाव

एवढं सगळं कशाला? एरंडेल एक चमचा कोमट दुधातून. नाहीतर विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून. आमच्या पिढ्यान् पिढ्या यावरच मोठ्या झाल्या.

परळ_ओपीडी

अप्पा, रागावू नका, पण या मुलाला दोन्ही नकोत. एरंडेल आतड्याला पिळून काढतं. पुढे गोळा अडलेला असताना मागून पिळलं की मूल कळवळतं. देठाचं म्हणाल तर, ज्या मुलाला शर्टाचं लेबल टोचतं त्याच्या गुदद्वाराशी काही केलं की ते दुसऱ्या दिवसापासून शी दुप्पट जोराने रोखून धरतं. दुखलं म्हणून रोखलं, रोखलं म्हणून कडक झाली, कडक म्हणून पुन्हा दुखलं. हे चक्रच तर तोडायचंय. सोनामुखीचं चूर्णही आपल्या मनाने नको. गुटीचं तर वयच गेलं.

कोंडा_टाकू_नका

आहाराचं मी घेते. आधी आत्ताचं गणित मांडू, कारण 'फायबर कमी आहे' एवढं म्हणून कुणाचं पोट साफ होत नाही.

मुलांसाठी सोपा नियम: वय अधिक ५, तेवढे ग्रॅम फायबर रोज. सात वर्षांना १२ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत १०० ग्रॅमला कणीक ११.३६, बाजरी ११.४९, नाचणी ११.१८, ज्वारी १०.२२, मैदा २.७६ आणि पांढरा तांदूळ २.८१ ग्रॅम. तुमच्याकडे दिवसाला साधारण ६० ग्रॅम तांदूळ आणि ५० ग्रॅम कणीक जात असेल. कागदावर झाले ७.४. म्हणजे खड्डा साडेचार-पाच ग्रॅमचा आहे, डोंगराएवढा नाही.

पण तुम्ही कणीक चाळता का? 'पातळ, फिकट पोळी' वाचून वाटतंय की चाळता, आणि बारीक चाळणीने. मग चाळणीत उरलेला कोंडा, ज्यासाठी आपण गव्हाला चांगलं म्हणतो, तो केराच्या डब्यात. ते ७.४ मग कागदावरच.

आणखी एक गैरसमज. वरचे आकडे पुन्हा बघा. कणकेत नाचणी किंवा ज्वारी मिसळली की फायबर वाढतं असं सगळे सांगतात. न चाळलेल्या गव्हापेक्षा ते वाढत नाही, तेवढंच राहतं. नाचणीचा फायदा कॅल्शियमचा, १०० ग्रॅमला ३६४ मिलीग्रॅम. पण पोळी काळपट होते आणि तुमचा मुलगा ती परत करेल. म्हणून नाचणी सध्या बाजूला.

कणकेचं असं करा. गिरणीत बारीक दळून आणा. पहिला आठवडा तीन भाग चाळलेली, एक भाग न चाळलेली. दुसरा आठवडा अर्धी-अर्धी. मग एकास तीन, मग सगळी न चाळलेली. पाणी नेहमीपेक्षा १०० ग्रॅमला एक-दोन चमचे जास्त, आणि भिजवून ३० ते ४० मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात कोंडा पाणी पिऊन मऊ पडतो, नाहीतर जिभेला कणी लागते. तव्यावरून काढल्यावर पोळी खिडकीच्या उजेडात धरून बघा. तपकिरी ठिपके किती दिसतात ते आधी तुम्ही मोजा, कारण ही मुलं ते मोजतात. ठिपके ओळखले गेले की आठवडाभर त्याच पायरीवर थांबा, मागे जाऊ नका.

मग पांढऱ्यातलंच पांढरं. ओलं खोबरं हे दुर्लक्षित रत्न आहे: १०० ग्रॅमला ९ ते १० ग्रॅम फायबर आणि रंगाने दुधासारखं. पाठीची तपकिरी साल सोलून, चमचाभर दह्याबरोबर मिक्सरमध्ये गंधासारखं वाटा. १५ ग्रॅममध्ये दीड ग्रॅम मिळालं. नारळाचं दूध नको, त्यात चोथा गाळून टाकलेला असतो आणि फायबर त्या चोथ्यातच असतं.

फळात पहिला नंबर सोललेल्या नासपतीचा. फिकट आहे, आणि तिच्यात सॉर्बिटॉल असतं, जे आतड्यात पाणी खेचतं. मात्र गर रवाळ लागतो, म्हणून सुरुवात फोडीने नाही, रसाने: ३० मिली, तेवढंच पाणी घालून. सुक्या प्रूनमध्ये सॉर्बिटॉल सगळ्यात जास्त, पण रंग काळा, तुमच्याकडे तूर्त अशक्य. पेरू फायबरमध्ये उत्तम, १०० ग्रॅमला ८ च्या वर, पण बिया दाताखाली आल्या की संपलं.

इसबगोलाबद्दल कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच: मोकळं झाल्याशिवाय नाही, आणि अर्ध्या चमच्यामागे किमान पाऊण ग्लास पाणी गेल्याशिवाय नाही. पाण्याविना ते घट्ट लगदा होऊन बसतं. दिवसाला ३०० मिली पाणी पिणाऱ्या मुलाला तर नकोच.

दूध. ८०० मिली म्हणजे पोट दुधानेच भरतंय. जेवणाची भूक उरत नाही, आणि जास्त दुधाने लोहही कमी पडतं. ४०० वर आणायचं. कप तोच ठेवा, दर चौथ्या दिवशी दिवसाचं एकूण ५० मिली कमी, महिनाभरात होतं. दुधात पाणी घालू नका, चव बदलते आणि उद्या दूधही बंद होईल. कॅल्शियमची काळजी नको: या वयाला ६५० मिलीग्रॅम लागतं, ४०० मिली दुधातून सुमारे ४७० येतं, दह्यातून बरंचसं उरलेलं.

पाण्याबद्दल उगाच मोठ्या अपेक्षा ठेवू नका. २० किलोला दिवसाचा एकूण द्रव १५०० मिली लागतो, दूध आणि भातातलं पाणी धरून. गरजेपेक्षा जास्त पाणी पाजल्याने शी मऊ होत नाही. पण दूध ४०० ने उतरवलं की तेवढं पाणी चढवावंच लागेल, हे विसरतात आणि मग 'दूध कमी केल्यावर जास्त कडक झाली' म्हणतात. ४०० मिली दुधाबरोबर २५० च्या वर कॅलरी जातात हेही लक्षात ठेवा. दहीभातात दोन चमचे रिफाइंड तेल किंवा पातळ तूप जिरवता येतं. वजन दर पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर.

हिंगाष्टक

गहू-दूध बंद करायच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही, म्हणून मी घालतो.

ताई, यादी परत वाचा: दहीभात, पोळी, बिस्किट, वेफर्स, दूध. यातून गहू आणि दूध काढा. उरलं काय? भात आणि वेफर्स. एवढं एक वाक्य त्या ग्रुपवर टाका.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०१३ची मार्गदर्शिका स्पष्ट आहे: ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) किंवा केसीन (दुधातलं प्रथिन) वगळणारे आहार वापरू नयेत. पोटाचं जे आहे ते वेगळं, आणि तिथे दोन तपासण्या खरंच अर्थपूर्ण आहेत.

पहिली सिलिअॅकची, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची. रक्तातलं टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए. मूल गहू खात असतानाच ही करायची. आधी गहू बंद केला तर अँटिबॉडी उतरतात आणि खरा सिलिअॅक असूनही रिपोर्ट 'नॉर्मल' येऊ शकतो. ग्रुपचा सल्ला ऐकून सहा महिने गहू सोडलेली मुलं मग तपासणीसाठी पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला लावायची, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

दुसरी गोष्ट दुधाच्या प्रथिनाची. औषधालाही दाद न देणाऱ्या चिवट बद्धकोष्ठात दोन ते चार आठवडे गाईचं दूध पूर्ण थांबवून बघायची तरतूद त्याच २०१४च्या नियमावलीत आहे, पण तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि ठरलेल्या तारखेपर्यंत. फरक पडला नाही तर दूध परत सुरू. यात म्हशीचं किंवा शेळीचं दूध पर्याय नाही, प्रथिनं जवळपास तीच. तुमची केस अजून त्या टप्प्यावर आलेलीच नाही.

ज्यांच्या मुलाला सिलिअॅक खरंच निघालंय त्यांच्यासाठी जाता जाता: घरातली बांधानी हिंग गव्हाच्या पिठात कालवलेली असते बऱ्याचदा. पोळी बंद आणि वरणाला फोडणी हिंगाची, असं चालतं घरोघरी. डबीवरचे घटक वाचा.

'आतड्यातले जंतू बिघडल्यामुळे ऑटिझम' हेही तुमच्या त्या ग्रुपवर फिरत असेलच. २०२१ साली सेल या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या २४७ मुलांचा अभ्यास आला. निष्कर्ष उलट्या दिशेचा निघाला: खाणं मोजक्या पदार्थांचं, म्हणून आतड्यातल्या जंतूंमधली विविधता कमी. महागडी प्रोबायोटिक पाकिटं घेण्याआधी हे लक्षात असू द्या. घरचं दही तो खातोच आहे.

पाटावर_पाय

ऑक्युपेशनल थेरपीच्या बाजूने. लपवायचा प्रश्न आधी घेते.

दहीभातात लपवू नका. या मुलाचा भरवसा असलेले पदार्थ पाचच. त्यातल्या एकात काहीतरी सापडलं की तो पदार्थ कायमचा जाऊ शकतो, आणि पाचाचे चार होतात. कोंडाताईंनी सांगितलेलं खोबरं नेहमीच्या वाडग्यात घालू नका. नेहमीचा दहीभात नेहमीच्या वाडग्यात, आणि दोन चमचे खोबरंवाला भात शेजारी वेगळ्या छोट्या वाटीत, त्याच्या डोळ्यांदेखत कालवून. खाल्ला नाही तरी चालेल. वाटी टेबलावर राहू देणं हीच पहिली पायरी. मग ती त्याच्या ताटाजवळ, मग चमच्याने ढवळणं, वास, ओठाला लावणं, जीभ, घास घेऊन थुंकणं. थुंकायला कागद ठेवा आणि थुंकल्याबद्दल ओरडू नका, परवानगी असली की मुलं जास्त धीट होतात. एका पदार्थाला पंधरा-वीस वेळा समोर यावं लागतं, कधी त्याहून जास्त. दिवसातून एकच प्रयत्न, पाच मिनिटं, तेही पोट रिकामं नाही आणि भरलेलंही नाही अशा वेळी. चारच्या सुमाराला जमतं.

ताईंची पोळीची युक्ती वेगळी आहे, तिथे मी तक्रार करणार नाही: तोच पदार्थ, बदल इतका सावकाश की फसवणूक होत नाही. तरी नवीन प्रमाणाची एकच पोळी करा, दुसरी जुनी.

नवीन पदार्थ निवडताना एका वेळी एकच गुण बदलायचा. वेफर्स त्याला का आवडतात? कुरकुरीत, खारट, फिकट, आणि प्रत्येक वेळी अगदी सारखे. म्हणून साखळी अशी: पुड्यातले वेफर्स, मग तेच वेफर्स पण वाटीत (पुड्याचीच सवय असते पुष्कळदा), मग दुकानातले सुटे बटाटा वेफर्स, मग कच्च्या केळ्याचे वेफर्स, मग वेफरच्या आकाराचे तुकडे केलेला पातळ साधा खाकरा. खाकऱ्यापर्यंत पोचलात तर बिस्किटाची जागा तो घेऊ शकतो. कडा महत्त्वाच्या आहेत. तुटलेलं बिस्किट नाकारणारं मूल वेडावाकडा तुटलेला खाकराही नाकारतं, म्हणून कच्चा असतानाच वाटीने गोल कापून मग भाजा.

आता संडास. कमोडवर बसल्यावर पाय लोंबकळत असतील तर मुलाला जोर लावताच येत नाही. बसवून बाजूने बघा: गुडघे कंबरेच्या वर आले पाहिजेत. सात वर्षांच्या मुलाला साधारण एक पाट पुरत नाही, दोन पाट एकावर एक घट्ट बांधा किंवा बुटकं प्लॅस्टिकचं स्टूल घ्या, पण हलता कामा नये. सीटचं भोक मोठं असेल तर लहान मुलांची रिंग. आत पडायची भीती असलेलं मूल स्नायू आवळून बसतं. घरात भारतीय संडास असेल तर बसायची ढब मुळातच योग्य, फक्त तोल जाऊ नये म्हणून समोर धरायला काहीतरी हवं.

वेळ खाल्ल्यानंतर २० ते ३० मिनिटांनी. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हलतं, ती लाट पकडायची. पाच मिनिटं, वाळूचं घड्याळ समोर, संपलं की उठायची मुभा, शी झालेली असो वा नसो. बक्षीस बसल्याचं, शी केल्याचं नाही, कारण शी होणं त्याच्या हातात नाही. हाताला पिपाणी किंवा साबणाचे फुगे द्या, फुंकताना पोटाला आपोआप जोर येतो. एक्झॉस्ट फॅन बंद. फ्लश तो बाहेर पडल्यावर. जेट स्प्रेचा गार फवारा अनेक मुलांना विजेच्या झटक्यासारखा लागतो, तांब्यात कोमट पाणी घ्या.

शाळेचा संडास. ८ ते २ तिथे जाणार नाही, हे धरूनच चाला. शाळा सकाळची असल्याने लाट पकडायची वेळ दोन: दुपारी घरी येऊन जेवल्यावर आणि रात्रीच्या जेवणानंतर. सकाळी घाईत बसवू नका.

दहीभात_दादर

सगळ्यांचे मनापासून आभार. कणीक चाळते, मैद्याच्या चाळणीने. कोंडा कुंडीत जातो.

तीन शंका. पीईजी चालू असताना शी कशी दिसली म्हणजे डोस बरोबर? नोंद काय ठेवायची? आणि त्याला रात्री रिस्पेरिडोन (चिडचिडीसाठीचं औषध) चालू आहे, हे आधी लिहायचं राहिलं, त्याचा संबंध असेल का? लोहाचं सिरपही गेल्या दोन महिन्यांपासून आहे.

परळ_ओपीडी

हे दोन्ही डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. रिस्पेरिडोनने बद्धकोष्ठ होऊ शकतं आणि भूक वाढते. लोहाने शी कडक होते आणि काळीही. यातलं काहीही आपल्या मनाने बंद करायचं नाही, विशेषतः रिस्पेरिडोन. पण लोह सुरू झालं दोन महिन्यांपूर्वी आणि डाग पाच आठवड्यांपूर्वी, हा क्रम त्यांना दिसायला हवा. रक्त काढणारच आहात तर टीटीजीबरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, डी आणि थायरॉइड एकाच सुईत होऊन जाऊ द्या. या मुलांना दोनदा टोचणं म्हणजे घरादाराची परीक्षा.

फळ-भाजी शून्य असलेल्या मुलात आणखी एक बघायचं: हिरड्यांतून रक्त, पाय दुखतो म्हणून लंगडणं, चालायला नकार. सी जीवनसत्त्व पार संपलं की स्कर्व्ही होतो, आणि मोजकं खाणाऱ्या ऑटिस्टिक मुलांमध्ये तो आजही सापडतो. अचानक जेवण कमी केलं तर दातही बघून घ्या, किड लागलेली दाढ ते बोलून दाखवत नाहीत.

शीसाठी ब्रिस्टलचा तक्ता १ ते ७. एक म्हणजे शेळीच्या लेंड्या, दोन म्हणजे गाठी चिकटून झालेला जाड दांडा, तीन म्हणजे वरून भेगा, चार म्हणजे सोललेल्या पिकल्या केळ्यासारखी गुळगुळीत, सात म्हणजे पाणी. औषध चालू असताना ४ किंवा ५ हवी, रोज किंवा एक दिवसाआड. सलग दोन-तीन दिवस ६-७ आली तर डोस थोडा कमी, २ आली तर थोडा जास्त, आणि बदल केला की दोन-तीन दिवस थांबून मगच पुढचा. रोज वर-खाली केलं तर कशाचा परिणाम कशाने झाला ते कळतच नाही.

नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनातच करा. शीचा आकडा, डाग किती, औषध किती ग्रॅम, रात्री उठला का. चारच गोष्टी. महिन्याचं पान फाडून ओपीडीत न्या.

दहीभात_दादर

नोंद आजपासून. पाण्याचं मात्र अडतंय. शाळेची बाटली ५०० मिलीची, परत येते तेव्हा अर्ध्याहून जास्त भरलेली असते. पावसाळ्यात उकळलेलं पाणी दिलं की घरीही तोंड लावत नाही.

पाटावर_पाय

उकळलेल्या पाण्याला सपक चव येते, ती त्याला कळते. उकळून गार झाल्यावर एका भांड्यातून दुसऱ्यात पाच-सहा वेळा उंचावरून ओता, हवा मिसळली की चव बरीचशी परत येते. मग रात्रभर माठात किंवा नेहमीच्याच भांड्यात. स्टीलची बाटली असेल तर प्लॅस्टिकची आणि उलट, हेही करून बघा. बाटली बदलली की पाणी बदलतं त्यांच्यासाठी.

बाटली पारदर्शक घ्या आणि बाहेरून दोन रंगीत रबरबँड लावा. वरचा लाल, पहिल्या सुट्टीपर्यंत पाणी तिथे उतरायचं. खालचा निळा, डब्याच्या सुट्टीपर्यंत. 'पाणी पी' हे त्याला समजून अमलात आणायला अवघड जातं, 'पाणी लाल रबरापर्यंत' हे डोळ्यांना दिसतं. पहिल्या आठवड्यात लाल रबर आत्ता तो पितो त्याच्या अगदी थोडं खाली ठेवा, म्हणजे पहिल्याच दिवशी जमेल. मग दर सोमवारी बोटभर खाली सरकवा. शाळेतल्या ताईंना रबराचं सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी स्वच्छतेच्या नादात काढून टाकतं.

कोंडा_टाकू_नका

आणि कुंडीतला कोंडा थांबवा बरं का. झाडाचं पोट साफ आहे.